फोटोत बोरी राहू द्या

हिवाळी पक्षी म्हटलं की आपल्याकडे लोकांना आधी पाणी आठवतं. दिवाळी झाली, थंडी पडायला लागली, की गाड्या निघतात त्या येळगावच्या धरणाकडे, नाहीतर लोणारला. चक्रवाक दिसतात, नाना तऱ्हेची बदकं दिसतात, पोरांना दुर्बिणीतून दाखवता येतात. मोठे पक्षी, उघड्यावर बसलेले, ओळखायला सोपे. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. लोणारचं सरोवर २०२० साली रामसर यादीत गेलं, चार माणसं जास्त यायला लागली, चांगलंच झालं.

पण त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यात आणखी एक पाहुणे मंडळी येते, आणि तिला पाणी लागत नाही. घाटावर काय आणि घाटाखाली काय, प्रत्येक गावात, प्रत्येक विहिरीवरच्या बाभळीत, शाळेच्या कडुलिंबावर, परसातल्या कढीपत्त्यात ती असते. दहा रुपयांचं नाणं तळहातावर ठेवून बघा. ते पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. या मंडळींतले कित्येक जण त्याहून हलके असतात! त्यांना बघायला कुठे जावं लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच कुणी बघत नाही.

ओळख करून देतो. पहिला थिरथिरा. ऑक्टोबरात एके दिवशी कंपाउंडच्या भिंतीवर काळसर-तांबूस पक्षी दिसतो, वाकून नमस्कार केल्यासारखं करतो आणि शेपूट थरथरवतो. थिरथिरा हे नाव किती नेमकं आहे बघा. नावाला वेगळं स्पष्टीकरण लागतच नाही. दुसरा लाल छातीचा माशीमार. आंब्याच्या किंवा चिंचेच्या सावलीत राहतो, शेपूट उभी करतो, आणि कुणी लाकडी खुळखुळा हळूच फिरवावा तसा 'टिर्रर्र' आवाज काढतो. नावात लाल छाती असली तरी ती फक्त प्रौढ नराला असते, त्यामुळे दिसणाऱ्यांतले बरेचसे साधे मातकट असतात. आणि मग वटवटे. हिरवट, मातकट, राखी, सगळे एकसारखे, एका जागी दोन सेकंद न बसणारे. ह्यूमचा वटवट्या शेंड्याकडच्या पानांत, ब्लिथचा खाली झुडपात 'चक्... चक्...' करत, आणि शुभ्रकंठी वटवट्या हमखास बाभळीत. नव्या माणसाला हे वटवटे रडवतात. जुन्यालाही रडवतात, फक्त तो सांगत नाही :)

आता हे येतात कुठून? ह्यूमचा वटवट्या हिमालयातून आणि मध्य आशियातल्या डोंगरांतून. लाल छातीचा माशीमार तर पूर्व युरोप आणि रशियाकडून. युरोपातले बहुतेक छोटे कीटकखाऊ पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेची वाट धरतात. हा मात्र उलटा निघतो आणि आग्नेयेला आपल्याकडे येतो. मॉस्कोच्या आसपासून निघाला असेल तर सरळ रेषेत मोजलं तरी पाच हजार किलोमीटरच्या घरात अंतर होतं. वजन दहा ग्रॅम.

२०१९ साली टिपेश्वरचा एक वाघ चालत चालत, महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे पालथे घालत, डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगेत येऊन पोचला होता. तेराशे किलोमीटर! पेपरांनी नकाशे छापले, टीव्हीवर आला, आजही बोथ्याच्या जंगलातून जाताना लोक त्याची आठवण काढतात. काढावीच, तो प्रवास अचाटच होता. पण त्याच डिसेंबरात त्याच जंगलाच्या सालई-धावड्यांवर त्याच्या तिप्पट-चौपट अंतर कापून आलेली चिमूटभर पाखरं बसलेली होती. ती दरवर्षी येतात. मार्च-एप्रिलात परत जातात. आणि पुन्हा येतात.

पुन्हा येतात म्हणजे नुसतं भारतात येतात असं नाही. हिरवट वटवट्यावर दक्षिण भारतात अभ्यास झालेत. हा पक्षी हिवाळ्यातसुद्धा आपल्या झाडांची हद्द राखतो, दुसऱ्याला येऊ देत नाही, आणि पायात कड्या घातलेले पक्षी पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी परत सापडले. म्हणजे तुमच्या धुऱ्यावरची बाभूळ ही कुणाची तरी ठरलेली खोली असू शकते. हे कळल्यापासून मी बाभळीकडे वेगळ्या नजरेने बघतो.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा फोटोचा आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत पक्ष्यांचे फोटो काढणारे खूप वाढले. रोलच्या जमान्यात छत्तीस फोटोंत सगळं बसवावं लागायचं, वटवट्यावर रोल घालवायची कुणाची छाती होत नव्हती. मग डिजिटल आलं, पाठोपाठ लांब झूमचे आटोपशीर कॅमेरे आले, आणि तालुक्याच्या गावातला शिक्षक, मेडिकलवाला, बँकेतला कारकूनसुद्धा रविवारी सकाळी बाहेर पडायला लागला. मला हे मनापासून आवडतं. पूर्वी हा छंद मुंबई-पुण्याच्या थोड्या लोकांचा होता. आता तो खामगाव-मेहकरातही आहे.

पण या सगळ्यांनी मिळून एक चव ठरवून टाकली आहे. फोटो म्हणजे कसा? पक्षी मधोमध, डोळ्यात चमक, पायाखाली एक देखणी काडी, आणि मागे सगळं लोण्यासारखं गुळगुळीत हिरवं. 'क्लीन बॅकग्राउंड.' ग्रुपवर असा फोटो पडला की वाहवा. पक्ष्यासमोर एखादी काटेरी फांदी आली, अर्धं अंग पानाआड गेलं, की तो फोटो डिलीट. काही ठिकाणी तर पाणवठा करून, शेजारी काडी रोवून, आडोशाला बसायचे पैसे घेतात. पक्षी त्या काडीवर येतोच, कारण दुसरी जागा ठेवलेलीच नसते.

हौस म्हणून ठीक आहे. पण या फोटोंतून गावातली पोरं काय शिकतात? त्यांना पाखरू दिसतं, पाखराचं घर दिसत नाही. शुभ्रकंठी वटवट्याचा गुळगुळीत पाठीचा फोटो शंभर वेळा बघितला तरी तो बाभळीत राहतो हे कळणार नाही. तो काटा, ते शेणकाडीने भरलेलं झुडूप, ते वाळकं गवत, हे सगळं फोटो काढणाऱ्याला अडचण वाटतं. पक्ष्यासाठी मात्र तेच सगळं काही असतं. थंडीचा आडोसा तिथे, किडे तिथे, शिक्रा आला तर लपायची जागा तिथे.

आणि नेमकी तीच गोष्ट आपल्या शिवारातून चालली आहे.

मागच्या हिवाळ्यात घाटावरच्याच एका शिवारात धुऱ्याच्या बोरीपाशी उभा होतो. आत ब्लिथचा वटवट्या 'चक् चक्' करत होता, दिसत नव्हता. शेतमालक काका आले.

"काय पाहून राह्यले भाऊ?"

"पाखरू आहे काका, त्या बोरीत."

"कोन्तं, मोर हाय काय?"

"नाही, बारीक आहे. चिमणीपेक्षा लहान."

"त्याच्यासाठी येवढं मोठं यंत्र आनलं?" मग जरा थांबून म्हणाले, "पाहून घ्या मंग. ही बोरी काढाची हाय आता. जेसीबीवाल्याले सांगून ठेवलं."

का काढायची, विचारलं. त्यांनी न चिडता सगळं सांगितलं. सावलीत पीक येत नाही. ट्रॅक्टर वळत नाही. रानडुकरं दिवसा तिथेच दडून बसतात. आणि बाभळीविषयी एक वाक्य बोलले ते डोक्यात राहिलं. "बाभूळ ठिवून करू काय? पहिले वखराले लागे, तिफनीले लागे, गाडीले लागे. आता बैलच नाही."

मला वाटतं, धुऱ्यावरच्या झाडांचा सगळा इतिहास या एका वाक्यात आला. बाभूळ कुणी पाखरांसाठी राखली नव्हती. औताला चिवट लाकूड लागायचं म्हणून राखली होती. बोरीच्या आणि बाभळीच्या काट्यांचं कुंपण व्हायचं, म्हणून त्या दरवर्षी छाटल्या जायच्या आणि दरवर्षी जास्त दाट फुटायच्या. पाखरं त्या व्यवस्थेत फुकट राहत होती. बैल गेले, वखर लोखंडी झाला, काट्यांच्या कुंपणाऐवजी तार आणि झटका मशीन आलं. झाडाची गरज संपली आणि पाखरांची खोली गेली. यात काकांचा काय दोष? त्यांना रानडुकरांचं नुकसान कोण भरून देतं ते त्यांनाच माहीत. शहरातून कॅमेरा घेऊन जायचं आणि शेतकऱ्याला निसर्ग शिकवायचा, हा उद्योग मला जमत नाही.

पण एक गंमत सांगतो. हरभऱ्यावर घाटेअळी पडते तेव्हा कृषी विभागाचा सल्ला काय असतो? शेतात पक्षीथांबे उभे करा. म्हणजे इंग्रजी टी आकाराच्या काठ्या रोवा, त्यावर कोतवाल, साळुंक्या येऊन बसतील आणि अळ्या खातील. सल्ला योग्यच आहे, काठ्यांवर कोतवाल खरंच बसतात. पण आधी जेसीबीने धुऱ्यावरचा जिवंत पक्षीथांबा मुळासकट उपटायचा आणि मग वावरात मेलेल्या काठ्या रोवायच्या... हे कुठेतरी एकदा मोठ्याने बोलायला हवं. शिवाय काठीवर कोतवाल बसेल, पण पानापानामागची मावा आणि बारीक अळी टिपणारा वटवट्या काठीवर बसत नाही. त्याला झुडूपच लागतं.

सरकारदरबारी या झुडपांना काय म्हणतात तेही बघा. देशाच्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह निघतो, त्यात झुडपी जमीन पडीक म्हणूनच मोजली जाते. पडीक म्हटलं की पुढचं ठरलेलं. एकतर काहीतरी बांधा, नाहीतर खड्डे खणून रोपं लावा. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीची केवढी मोठी मोहीम झाली, २०१९ चं लक्ष्यच ३३ कोटींचं होतं. झाडं लावू नयेत असं कोण म्हणेल? पण बोर, हिवर, तरवड असलेला माळ साफ करून तिथे एका रांगेत रोपं लावली, तर हिरवळ वाढली असं आकड्यात दिसेल आणि शुभ्रकंठी मात्र तिथून जाईल. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२३ साली आला. हजारो सामान्य पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर तो उभा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल सांगता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटताहेत असं त्यात आहे, आणि उघड्या माळांवर राहणाऱ्यांची स्थिती विशेष वाईट आहे. पडीक म्हणून आपण ज्याच्यावर काट मारतो तीच ही जागा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की पक्ष्याचा फोटो काढणाऱ्याने फोटोत बोरी राहू द्यावी.

यामागे भावनेपेक्षा व्यवहार जास्त आहे. सलीम अलींच्या तरुणपणी पक्ष्याचा अभ्यास म्हणजे बहुधा तो बंदुकीने पाडायचा आणि त्याचं कातडं भरून ठेवायचं. आज ते वाचताना अंगावर येतं. पण त्या प्रत्येक कातड्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असायची. कुठे मिळाला, कुठल्या तारखेला, कुणी मिळवला. त्या चिठ्ठीमुळेच मुंबईच्या बीएनएचएसमधल्या शंभर वर्षं जुन्या कातड्याला आजही किंमत आहे. चिठ्ठी नसेल तर ते नुसतं मेलेलं पाखरू. आपण आता न मारता तेच काम करू शकतो, हे केवढं मोठं भाग्य! पण आपण चिठ्ठीच काढून टाकली. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या देखण्या फोटोवर ना गाव, ना तारीख, ना झाड. कोपऱ्यात फक्त काढणाऱ्याचं नाव, तेही सोनेरी अक्षरात.

एक उदाहरण देतो. लाल छातीच्या माशीमाराला एक जुळा भाऊ आहे, तैगा माशीमार. तो सैबेरियाच्या पूर्वेकडून येतो. जुन्या पुस्तकांत हे दोघे एकच धरलेले होते, वेगळ्या जाती म्हणून मान्यता अलीकडची. फरक कुठे? चोचीच्या मुळाशी फिकटपणा आहे की ती पूर्ण काळी आहे, आणि शेपटीच्या वरची पिसं किती काळीभोर आहेत. आता समजा तुमच्याकडे चिखलीच्या एखाद्या आमराईतला जानेवारी महिन्याचा एक फोटो आहे. थोडा हललेला, पानाआडचा, पण शेपूट उचललेली आणि पाठ दिसणारी. तो फोटो ग्रुपवर कुणी बघणार नाही, पण जाणकाराला त्यातून कळेल की आपल्याकडे दोघांपैकी कोण येतं. समोरून काढलेला, डोळ्यात चमक असलेला देखणा फोटो तिथे बऱ्याचदा गप्प बसतो. वटवट्यांचं तर विचारूच नका. ह्यूमचा की हिरवट, हे पुष्कळदा फोटोपेक्षा आवाजावरून लवकर कळतं. मोबाईलवर दहा सेकंद आवाज टिपून ठेवलात तर लाखाच्या लेन्सपेक्षा जास्त काम होईल.

दुसरी गोष्ट वेळेची. फोटोवाल्यांना सकाळचा पहिला कोवळा प्रकाश हवा असतो. जानेवारीत बुलढाण्याला पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. आठ-दहा ग्रॅमच्या जिवाने त्या लांब रात्रीत स्वतःला गरम ठेवण्यात अंगावरची चरबी जाळलेली असते. उजाडल्यावरचा पहिला तास हा त्याचा भरून काढायचा तास. नेमक्या त्याच तासाला आपण त्याच्या मागे एका झुडपातून दुसऱ्या झुडपात फिरतो, काही जण मोबाईलवर त्याचाच आवाज लावून त्याला बाहेर बोलावतात. हद्द राखणारा पक्षी आवाज ऐकून खाणं सोडतो आणि न दिसणाऱ्या वैऱ्याला शोधत बसतो. फोटो मिळतो खरा, पण खर्च त्याचा होतो. त्यापेक्षा एका जागी स्टूल टाकून बसा. तो आपला फेरा घालत परत तिथेच येतो, हा माझा दर हिवाळ्याचा अनुभव आहे. चहाचा थर्मास सोबत असला की वेळही बरा जातो.

कुणी म्हणेल, अहो, देखणे फोटो बघूनच तर लोक या छंदाकडे वळले, तुम्ही त्यांनाच नावं ठेवताय. मान्य. देखणा फोटो काढूच नका असं मी म्हणत नाही. भिंतीवर लावायला एक काढा. पण त्याच पक्ष्याचा दुसरा एक काढा, दहा पावलं मागे सरकून, पाखरू बारीक आणि बोरी सगळी दिसेल असा. खाली लिहा गाव, तारीख, झाडाचं नाव. ई-बर्डवर टाकता आला तर फारच छान, तिथे पुण्या-मुंबईच्या मानाने आपल्याकडच्या नोंदी अजून पुष्कळ कमी आहेत. फेब्रुवारीत अंगणातले पक्षी मोजायचे चार दिवस असतात, पंधरा मिनिटं परसात बसलं तरी पुरतं. आणि महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतात, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. जन्मभर त्यांनी पाखरांइतकीच झाडांची आणि त्यांच्या मराठी नावांची नोंद ठेवली. त्या सप्ताहात शाळेत नुसतं पाखराचं चित्र लावण्यापेक्षा पोरांना गावच्या धुऱ्यावर नेऊन बोरी, हिवर, तरवड ओळखायला लावलं, तर ते त्यांच्या कामाला धरून होईल.

आणि तो दुसरा फोटो, बोरीसकटचा, त्या शेतकऱ्यालाही दाखवा. उपदेश नको, नुसता दाखवा. त्या काकांना मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आधी टिपलेला शुभ्रकंठीचा फोटो दाखवला, बाभळीच्या काट्यांत अर्धा लपलेला. पाखराकडे त्यांनी ओझरतं पाहिलं. मग बोट ठेवून म्हणाले, "ही तं आपल्या इहिरीवरची बाभूय हाय." पाखरू त्यांना नवं होतं, बाभूळ मात्र त्यांनी लगेच ओळखली. गुळगुळीत पाठीच्या फोटोत त्यांना ओळखण्यासारखं काही सापडलं नसतं. त्यांनी पुढे काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील. पण आपल्या विहिरीवरच्या बाभळीत कुणीतरी लांबून येऊन राहतं, एवढं तरी त्या दिवशी त्यांच्या कानावर गेलं.

असो. थंडी अजून महिना-दीड महिना आहे. पळस फुलायला लागला की भोरड्यांचे थवे त्यावर तुटून पडतील आणि मग या बारक्या मंडळींकडे कुणाचं लक्ष राहणार नाही. त्याआधी एक रविवार काढा. लांब कुठे जाऊ नका. जवळचा नाला, जुनी विहीर, एखादा न उपटलेला धुरा. झुडपातून 'चक्' असा आवाज आला की थांबा. आणि फोटो काढलात तर काटा कापू नका.